भैरवी आधी वाजते : प्लेअरमध्ये गाणी भरताना दर महिन्याला होणारा घोळ

"आरं, भैरवी झाली की माणसं उठून घरला जात्यात. तुझ्या ह्या डबीनं रंकाळ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या भैरवीच लावली. मी काय आल्या पावली माघारी फिरू?"

अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी साडेपाचला घरातून निघतात. कोल्हापूरच्या रंकाळा टॉवरपासून शालिनी पॅलेसच्या बाजूला जाऊन परत, येताना गंगावेशेतल्या कट्ट्यावर दूध, आणि घरी आल्यावर माझी हजेरी. त्यांच्या खिशाला काडेपेटीएवढा एक म्युझिक प्लेअर अडकवलेला असतो. चार बटणं, बोटभर पडदा, बाजूला मेमरी कार्डाची खाच. मोबाईलवर ऐका म्हटलं तर म्हणतात, "फोन खिशात असला की फोन येतोय." मुद्दा बरोबर आहे.

त्यात भरायची गाणी कुठल्या ॲपवर मिळणारी नाहीत. गल्लीतल्या भजनी मंडळाच्या अकरा कॅसेटी आहेत, अण्णा त्यात पखवाजावर. गाणाऱ्यांपैकी निम्मे आता नाहीत. शिवाय गडहिंग्लजच्या आत्यानं व्हॉट्सॲपवर म्हणून पाठवलेल्या जात्यावरच्या ओव्या. हे सगळं त्या डबीत घालायचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडं आहे, आणि दर महिन्याला नवीन काही भरलं की काही ना काही बिघडतं. क्रम उलटा होतो, निम्मी गाणी वाजत नाहीत, नावाच्या जागी चौकोन येतात, एकाच कानात आवाज येतो. मी मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर हिशेब लिहितो, संगणकातला माणूस नव्हे. पण या कामात जितक्या चुका करता येतात तितक्या करून झाल्यात, म्हणून लिहून ठेवतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. यार्डात गाडी भरून निघाली म्हणजे माल पोचला असं आम्ही धरत नाही. पोच आली की धरतो. संगणकावर ती हिरवी पट्टी शेवटपर्यंत गेली म्हणजे फक्त गाडी भरली. पोच प्लेअरनं द्यायची असते, म्हणजे गाणं प्लेअरवर लावून ऐकायचं. मी पहिलं दीड वर्ष पट्टीवरच विश्वास ठेवला.

आधी एकच गाणं

काहीही बिघडलं की दोनशे गाणी पुन्हा भरत बसू नका. कार्डावर एकच फाइल टाका. साधी एमपी३, नाव इंग्रजी अक्षरांत, फोल्डर नको, काही नको. ती वाजली तर प्लेअर, कार्ड आणि केबल निदान चालू आहेत, दोष तुमच्या फाइलींत किंवा भरण्याच्या पद्धतीत आहे. ती एकही वाजली नाही तर फाइलींवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, कार्ड-केबलकडं वळा.

केबलचं लगेच उरकतो. यूएसबीच्या साध्या केबलीत चार तारा असतात, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. ट्रिमर, टॉर्च, स्वस्त इअरफोन यांच्यासोबत येणाऱ्या काही केबलींत माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. प्लेअर चार्ज होतो, संगणकावर काहीच उमटत नाही, आणि आपण ड्रायव्हर शोधत बसतो. केबल बदलून बघा. आमच्या घरात चालणाऱ्या केबलीला मी लाल दोरा बांधलाय, कारण सगळ्या काळ्याच आहेत आणि बायको म्हणते त्या सगळ्या सारख्याच आहेत.

भैरवी आधी का वाजली

हे नीट समजून घ्या, कारण हाच आजार परत परत येतो.

स्वस्त प्लेअरची कार्डं बहुतेक फॅट३२ या पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात. या पद्धतीत फोल्डर म्हणजे एक यादी. फाइल कॉपी झाली की यादीत तिची नोंद होते. संगणकावर आपण ते फोल्डर उघडतो तेव्हा विंडोज ती यादी नावाप्रमाणे लावून दाखवतं, म्हणून आपल्याला सगळं ओळीत दिसतं. प्लेअरमधली चिप एवढी मेहनत करत नाही. रोजमेळात नोंदी ज्या क्रमानं पडल्या त्याच क्रमानं ती वाचत जाते. तुम्ही आधी कॉपी केलेलं गाणं आधी वाजतं, नाव काहीही असो.

इथवर ठीक. पहिल्यांदा सगळं एकदम भरलं होतं तेव्हा क्रम बरोबरच आला होता. आधी रूपाचे अभंग, मग बाकीचे, मग गौळणी, शेवटी भैरवी. घोळ झाला दुसऱ्या महिन्यात. पहिल्या रूपाच्या अभंगात कॅसेटची खरखर फार होती, म्हणून मी तो कार्डावरून खोडला, घरी साफ केला आणि पुन्हा टाकला. त्याच वेळी दुसऱ्या कॅसेटमधली एक भैरवीही टाकली. दोन्ही निवडून माउसनं ओढताना मी नेमकी भैरवी पकडली होती, आणि ज्या फाइलला धरून ओढतो तीच पुष्कळदा आधी जाते.

आता यादीत काय झालं बघा. फाइल खोडली की तिची नोंद फाडून टाकली जात नाही, "ही जागा मोकळी" अशी खूण फक्त होते. नवीन फाइल आली की ती आधी अशी मोकळी जागा शोधते. मी पहिलाच अभंग खोडला होता, म्हणून मोकळी जागा पहिल्या ओळीत. भैरवी आधी पोचली आणि तिथं जाऊन बसली. साफ केलेला अभंग गेला शेवटाला. आमच्या वहीत असं कुणी मधली नोंद खोडून तिथं दुसरी घातली तर शेठ दुसऱ्या दिवशी दुकानात घेणार नाहीत, पण फॅट३२ मध्ये हे रीतसर आहे.

म्हणून एखादंच गाणं काढून एखादंच घालण्याची सवय हीच खरी खोड. आता मी असं करतो. संगणकावर एक मूळ फोल्डर ठेवलंय, त्यात सगळी गाणी क्रमानं. काढणं, घालणं, साफ करणं, नाव बदलणं, सगळं तिथंच. कार्डावर कधीच दुरुस्ती करत नाही. महिन्याला कार्डावरचं जुनं फोल्डर पूर्ण उडवतो, नवीन फोल्डर करतो (त्याला महिन्याचं नाव), मूळ फोल्डरमध्ये नावानुसार क्रम लावून घेतो, कंट्रोल-ए, कंट्रोल-सी, आणि कार्डावरच्या रिकाम्या फोल्डरात कंट्रोल-व्ही. माउसनं ओढत नाही. नवीन फोल्डर म्हणजे नवी वही, जुन्या खाडाखोडीचा प्रश्न राहत नाही.

नावाच्या सुरुवातीला आकडे घालायचे तर ०१, ०२, ०३ असे शून्यासकट घाला. नुसते १, २, ३ घातले तर काही ठिकाणी १ नंतर १० येतो, मग ११, आणि २ पार मागं जातो. गाणी शंभरावर असतील तर ००१ पासून. हे आकडे फाइलच्या नावात इंग्रजीच ठेवा. मी आधी हौसेनं देवनागरी आकडे घातले होते. संगणकाला चालले, प्लेअरला नाही.

एवढं करूनही क्रम चुकला तर कार्डावरची यादीच नावाप्रमाणे नव्यानं लावून देणारी छोटी साधनं आहेत. विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्सवर फॅटसॉर्ट. गाण्यांना हात न लावता फक्त नोंदींचा क्रम बदलतात, मिनिटभराचं काम. चालवण्याआधी मूळ फोल्डर संगणकावर आहे ना, ते बघा.

आणखी एक शक्यता. काही प्लेअर नावाकडं बघतच नाहीत, गाण्याच्या आत लिहिलेली माहिती बघतात. तिला टॅग म्हणतात. तिथं ट्रॅक क्रमांक रिकामा असेल किंवा सगळ्यांना १ असेल तर पुन्हा गोंधळ. एमपी३टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळी गाणी निवडून ट्रॅक क्रमांक ओळीनं घालता येतात. कॅसेटवरून केलेल्या फाइलींना टॅग नसतोच, म्हणून तुमचा प्लेअर टॅगवाला असेल तर हे एकदा करावंच लागतं.

चौकोन आणि प्रश्नचिन्हं

नावाच्या जागी चौकोन दिसत असतील तर फाइल बिघडलेली नाही. प्लेअरमध्ये देवनागरी फाँटच नाही. त्यावर तुमच्याकडं इलाज नाही, नावं इंग्रजी अक्षरांत करून टाका. फाइलचं नाव इंग्रजीत केलं तरी चौकोनच दिसत असतील तर प्लेअर टॅगमधलं शीर्षक दाखवतोय, तेही बदला. टॅगचे वेगवेगळे प्रकार आहेत. १२८ बाइटांचा जुना टॅग फाइलच्या शेपटाला असतो, त्यात शीर्षकाला ३० अक्षरांचीच जागा आणि मराठीची सोय नाही. नंतरच्या आयडी३ २.३ आणि २.४ मध्ये सोय आहे, पण जुने प्लेअर २.४ वाचताना अडखळतात. एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये २.३ निवडा आणि पुढं चला.

देवनागरी नावांचा दुसरा त्रास मला एका मित्राच्या जुन्या २ जीबीच्या प्लेअरवर कळला. सव्वाशेच्या आसपास गाणी गेली की पुढचं गाणं घेईना. जागा १ जीबीच्या वर शिल्लक, तरी फाइल तयार करता येत नाही म्हणून संदेश. आम्ही दोघांनी प्लेअर खराब म्हणून सोडून दिला होता. कारण वेगळंच निघालं. असे लहान जुने प्लेअर फॅट१६ या फॅट३२ च्या आधीच्या पद्धतीवर चालतात, आणि फॅट१६ मध्ये सगळ्यात बाहेरच्या यादीत ५१२ च ओळी असतात. लांब नाव असेल तर दर १३ अक्षरांना एक ओळ खर्ची पडते आणि वर एक मूळ ओळ. काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगवेगळे मोजले जातात, त्यामुळं साधं वाटणारं नाव सहज तीसच्या पुढं जातं. म्हणजे एका गाण्याला चार ओळी. ५१२ भागिले ४, करा हिशेब. उपाय एका मिनिटाचा, गाणी एका फोल्डरमध्ये टाका. आतल्या फोल्डरला ती ५१२ ची मर्यादा नाही.

निम्मी गाणी वाजत नाहीत

आता सगळ्यात जास्त रक्त आटवणारा प्रकार. गेल्या वर्षी मी ६४ जीबीचं कार्ड घेतलं. किंमत इतकी कमी होती की तेव्हाच शंका यायला हवी होती. कुठून घेतलं ते सांगत नाही, बिल मिळालं नव्हतं एवढं सांगतो. संगणकात घातलं, ५९.६ जीबी दिसलं. इथं बरेच जण फसलो म्हणतात, पण ती फसवणूक नाही. कार्ड बनवणारे अब्ज बाइटांचा जीबी मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीनं मोजतं, म्हणून ६४ चे ५९.६ आणि ३२ चे २९.८ दिसतात.

सगळ्या कॅसेटी मी मूळ दर्जाच्या वेव्ह फाइली म्हणून भरल्या. वेव्ह म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. पट्टी शेवटपर्यंत गेली, एकही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा परत आले.

"पहिल्या सात कॅसेटी वाजत्यात, मागनं नुसती खरखर."

"कॅसेटचीच असेल खरखर."

"मला कॅसेटची खरखर कळत न्हाई व्हय रं? पन्नास वर्षं ऐकालोय."

मी फाइली पुन्हा टाकल्या. या वेळी शेवटच्या वाजल्या, सुरुवातीच्या गेल्या. तिसऱ्यांदा टाकल्या, नावं सगळी दिसतात पण मधल्या फाइली शून्य मिनिट शून्य सेकंद. मी प्लेअरवर संशय घेतला, अण्णांनी माझ्यावर.

कार्ड बनावट होतं. कार्डाच्या आत एक छोटा नियंत्रक असतो आणि संगणकाला "मी एवढा मोठा आहे" हे तोच सांगतो. बनावट कार्डात त्याला खोटं बोलायला लावलेलं असतं. आत मेमरी ८ जीबीची, सांगतो ६४. पहिले ८ जीबी खरोखर लिहिले जातात, पुढचं एक तर हवेत जातं किंवा आधीच्यावरच परत लिहिलं जातं. संगणक विचारतो लिहिलं का, कार्ड म्हणतं लिहिलं. आणि नावांची यादी कार्डाच्या सुरुवातीच्या भागात, खऱ्या मेमरीत असते, म्हणून नावं सगळी शाबूत दिसतात. गाडी भरून गेली, बिल्टी आहे, माल नाही.

हे तपासायला एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं जुनं, फुकट साधन आहे. मॅक किंवा लिनक्स असेल तर एफ३. ते कार्ड काठोकाठ ओळखीच्या माहितीनं भरतं आणि मग सगळं परत वाचून जुळवून बघतं. कार्ड आधी रिकामं करा. वेळ लागतो. सेकंदाला १० एमबी वेगानं लिहिणाऱ्या ६४ जीबीच्या कार्डाला नुसतं भरायलाच पावणेदोन तास, वाचायला वेगळे. रात्री लावून झोपा. सकाळी माझ्या पडद्यावर लाल अक्षरांत निकाल होता, खरे ७ जीबी आणि काही एमबी, बाकी सगळं हरवलेलं. अण्णांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "म्हंजे मी बरोबर हुतो."

असं कार्ड फॉरमॅट करून सुधारत नाही. फेकून द्या, दुसऱ्याला देऊ नका. लग्नाचे फोटो काढायला कुणी घेऊन जाईल आणि तुम्ही आयुष्यभर शिव्या खाल. मी त्यानंतर राजारामपुरीतून बिलासकट ३२ जीबीचं घेतलं आणि घरी आल्यावर पहिल्यांदा तीच चाचणी लावली.

३२ च का, त्याला कारण आहे. ३२ जीबीपर्यंतची कार्डं फॅट३२ वर येतात. ६४ आणि पुढची एक्सफॅट या वेगळ्या पद्धतीवर, आणि बरेच साधे प्लेअर एक्सफॅट वाचत नाहीत. कार्ड घातलं की "कार्ड नाही" म्हणतात. विंडोजमध्ये त्यावर उजवी टिचकी मारून फॉरमॅट करायला गेलात तर ३२ च्या वरच्या कार्डाला फॅट३२ चा पर्याय दिसत नाही, त्यासाठी रूफससारखं वेगळं साधन लागतं. प्लेअरच्याच मेनूत फॉरमॅट असेल तर ते सगळ्यात सोपं. पण एवढ्या जागेची गरज तरी कुणाला? १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ मिनिटाला जेमतेम १ एमबी घेते. ३२ जीबीत साडेपाचशे तास बसतात. अण्णा रोज तासभर ऐकतात, म्हणजे दीड वर्ष एकही अभंग परत येणार नाही. शिवाय जुन्या कॅसेटच्या भजनाला वेव्हची गरज नव्हतीच, तो माझाच अतिउत्साह.

यावर आमच्या शेजारचे निवृत्त गुरुजी नाराज आहेत. ते ख्याल ऐकतात. "अल्लादियाखाँसाहेब ज्या गावात शाहू महाराजांच्या दरबारी गायले, तिथं राहून मी एमपी३ ऐकू?" असा त्यांचा सवाल. त्यांच्याकडं फ्लॅक फाइली आहेत, म्हणजे दर्जा न घटवता आवाज साठवणाऱ्या. त्यांचा प्लेअर फ्लॅक वाजवतो असं डब्यावर लिहिलंय आणि तो वाजवतोही, पण काही राग सरळ गाळून पुढं जातो. बघितलं तर गाळलेल्या फाइली २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या होत्या, आणि प्लेअरची झेप १६ बिट, ४४.१ पर्यंतच. सीडीचाही दर्जा तेवढाच असतो. त्या फाइली १६ बिटाच्या फ्लॅकमध्ये बदलून दिल्या. गुरुजींना अजून फरक ऐकू येतो म्हणे. असेल.

आत्याच्या ओव्या

व्हॉट्सॲपवर आलेला आवाजी निरोप ओपस नावाच्या प्रकारात असतो. बोलण्यासाठी उत्तम, पण स्वस्त प्लेअरला तो कळत नाही. मी पहिल्यांदा काय केलं, तर फाइलच्या नावातलं शेवटचं ओपस काढून एमपी३ लिहिलं. विंडोजनं एकदा धमकावलं, मी हो म्हटलं. प्लेअरवर नाव आलं, आणि वाजायची वेळ आली की तो टुणकन पुढच्या गाण्यावर. गुळाच्या रव्याला साखरेचं लेबल लावलं म्हणून साखर होत नाही, हे मला तरी कळायला हवं होतं.

फाइल खरोखर बदलावी लागते. व्हीएलसी बहुतेकांकडं असतंच. त्याच्या मीडिया मेनूत कन्व्हर्ट किंवा सेव्ह असा पर्याय आहे, तिथं फाइल द्या आणि एमपी३ निवडा. पाच-दहा ओव्यांना हे पुरतं. जास्त असतील तर ऑडॅसिटी, आवाज कापायचं-सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर. तिथं आवाजाची पातळीही सारखी करता येते, आणि ते गरजेचं आहे, कारण आत्या फोन हातभर लांब धरून गाते. भजनानंतर तिची ओवी आली की अण्णा आवाज वाढवतात, ओवीनंतर भजन आलं की दचकतात. फोनच्या रेकॉर्डरची एम४ए फाइल असेल तर आधी तशीच टाकून बघा, काही प्लेअर ती घेतात.

एखादी फाइल नक्की कशाची आहे हे नावावरून ठरवू नका. मीडियाइन्फो नावाचं साधन आतलं खरं सांगतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावाचं शेपूट लपवलेलं असतं, ते आधी दिसतं करून घ्या. नाहीतर नाव बदलताना एमपी३ च्या मागं ओपस तसंच राहतं आणि तुम्हाला दिसत नाही.

बहिणीनं विचारलं होतं, "माझ्या ॲपमध्ये डाउनलोड केलेली गाणी घाल की त्यात." ती जात नाहीत. महिन्याचे पैसे भरून ऐकायच्या ॲपमधली डाउनलोड कुलूपबंद असतात, त्याच ॲपमध्ये उघडतात. कॉपी करून काही होत नाही. सीडी असेल तर तिच्यावरून करून घ्या.

कॅसेटवाल्यांसाठी

कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तार जोडली तर बऱ्याचदा एकाच कानात आवाज येतो, कारण लॅपटॉपचा माइक बहुधा मोनो, म्हणजे एकाच बाजूचा आवाज घेणारा असतो. भजन तसंही एका माइकवर रेकॉर्ड केलेलं. ऑडॅसिटीत दोन्ही बाजू मिसळून सरळ मोनो करा, दोन्ही कानांत येईल, आणि मोनोला ६४ केबीपीएस पुरतात, म्हणजे फाइल निम्मी. नव्वदच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. ती एकच फाइल ठेवू नका. साधा प्लेअर बंद केला की कुठं थांबलो ते विसरतो, आणि अण्णा पंधरा दिवस एकच पहिला अभंग ऐकत होते. प्रत्येक अभंगाच्या सुरुवातीला लेबल लावा आणि लेबलांप्रमाणे वेगवेगळ्या फाइली एकदम बाहेर काढा. ऑडॅसिटीत ती सोय आहे.

उपटू नका

पट्टी संपली की लगेच केबल उपटायची, ही आमच्या घरात सगळ्यांची सवय. पट्टी संपली तरी शेवटचं थोडं लिहायचं बाकी असू शकतं. यादी अर्धवट राहिली की पुढच्या वेळी विंडोज "यात काहीतरी बिघाड आहे, तपासू का" विचारतं, आणि तपासल्यावर कार्डावर फाउंड नावाचं एक फोल्डर येतं, त्यात अनोळखी नावाच्या फाइली. ती तुमचीच गाणी, पण नाव-गाव हरवलेली. त्यांच्यात शोधाशोध करू नका, मूळ फोल्डर आहे ना? कार्ड फॉरमॅट करा, परत भरा. एकदा भरताना लाईट गेली तेव्हा मी दोन तास त्या फाइली ऐकून ओळखत बसलो होतो. मूर्खपणा होता.

पुण्याचा भाचा सुट्टीला आला की त्याच्या मॅकवरून भरतो, मग प्रत्येक गाणं दोनदा दिसतं. एक वाजतं, दुसरं लगेच संपतं. मॅक फॅट कार्डावर प्रत्येक फाइलीबरोबर टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक छोटी फाइल ठेवतं. ती बिनधास्त खोडा.

आता तीन महिने झाले, क्रम बिघडलेला नाही. भरून झालं की मी पहिलं, मधलं आणि शेवटचं गाणं प्लेअरवरच दहा-दहा सेकंद ऐकतो आणि मगच डबी अण्णांच्या हातात देतो. परवा फिरून आले, दूध पिऊन, मिशी पुसत. मी म्हटलं, "वाजलं का सगळं?"

"वाजलं की. रूपापासनं भैरवीपतुर सगळं."

"मग बरं झालं."

"बरं काय? दुसऱ्या गौळणीत तिसऱ्या कडव्याला झांज चुकलीया बघ. तेवढी काढता येती का?"

नाही काढता येत. झांज आणि गळा एकाच माइकवर गेलेत.

"आणि चुकलेली झांज कुणाची हुती ठावं हाय का तुला?" ते म्हणाले, आणि नाव सांगायच्या आधीच हसत आत गेले.